"वहिनी, अँटिबायोटिकचा एक कोर्स लिहून द्या ना": धमन्यांचा दाह आणि जंतूंची गोष्ट

खडूफळा

गेल्या रविवारी धाकटे दीर जेवायला आले होते. वय ५८, दीड वर्षापूर्वी दोन स्टेंट बसलेत. जेवण झालं, बडीशेपेची डबी पुढे ओढत म्हणाले, "वहिनी, अँटिबायोटिकचा एक कोर्स लिहून द्या ना. एकदाचे जंतूच मारून टाकू." आणि मोबाइल माझ्यापुढे केला. व्हॉट्सॅपवरचं फॉरवर्ड. 'कोलेस्टेरॉल निर्दोष आहे. खरा गुन्हेगार दाह. दाह होतो जंतूंमुळे. डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत.' खाली हात जोडलेले सहा इमोजी. मग हळूच कळलं की तीन आठवडे झाले, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी बंद आहे.

मी पंचवीस वर्षं मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवली. म्हणजे मी पेशंट तपासणारी डॉक्टर नव्हे, काचपट्टीवाली. पण हा विषय माझ्या हातांखालून गेलेला आहे, आणि त्या फॉरवर्डमधलं निम्मं खरं आहे हीच पंचाईत. भाऊजींना बडीशेप संपेपर्यंतच्या वेळात ते सांगून होईना, म्हणून हा धागा.

आधी धमनी कशी दिसते ते सांगते. पोस्टमॉर्टेममध्ये महाधमनी उभी चिरायची असते. तरुण माणसाची असेल तर कात्री रेशमातून जावी तशी सुळकन जाते, आतून पिवळसर, गुळगुळीत. साठीच्या माणसाची असेल तर मध्येच कट्ट आवाज होतो. कॅल्शियम. अंड्याचं कवच मोडल्यासारखं. त्याच्या बाजूला एखादा फुगवटा असतो, तो नखाने दाबला की आतून पिवळा, दाट, गुठळीदार लगदा बाहेर येतो. ग्रीक भाषेत 'अथेरे' म्हणजे पेज. धमन्या अशा भरत जाण्याला अथेरोस्क्लेरॉसिस म्हणतात, त्यातला 'अथेरो' तिथून आला. पहिल्या वर्षी हे ऐकल्यावर आमच्या वर्गातल्या मालवणच्या मैत्रिणीने आठवडाभर पेज खाल्ली नव्हती.

आता तोच तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. ती नुसती चरबी असती, नळात साचलेल्या शेवाळासारखी, तर तिथे पेशींची गर्दी दिसली नसती. पण दिसते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतीत घुसलेल्या, त्यांनी चरबी खाऊन खाऊन पोटं फुगवलेली. आम्ही त्यांना फेसाळ पेशी म्हणतो, कारण दिसतातच तशा, साबणाच्या फेसासारख्या. सोबत लिंफोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी. म्हणजे गळवाच्या आसपास जी मंडळी जमतात त्यांचेच भाऊबंद. यालाच दाह म्हणतात. रुडॉल्फ व्हर्चो या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १८५०च्या दशकातच हा आजार धमनीच्या भिंतीचा दाह आहे असं लिहून ठेवलं होतं. पुढे १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्हने सशांना कोलेस्टेरॉल चारून धमन्यांत तसेच थर तयार करून दाखवले आणि कोलेस्टेरॉलचं पारडं जड झालं. १९९९ मध्ये रसेल रॉस या अमेरिकन संशोधकाने 'हा दाहाचाच आजार आहे' असं पुन्हा ठासून मांडलं. तेव्हा 'डॉक्टर सांगणार नाहीत' वगैरे काही नाही. आम्ही ते परीक्षेत विचारायचो. पाच मार्कांना.

मग जंतू कुठून आले? ही गोष्ट मला फार आवडते.

१९८३-८४ च्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन म्हणू लागले की पोटातला अल्सर टेन्शनने नाही, एका जंतूने होतो. लोक हसले. मार्शलने तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जो आजार आपण जन्मभराचा समजत होतो तो दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला! साहजिकच सगळ्यांच्या मनात आलं की आणखी कुठल्या जुनाट आजारामागे असा जंतू लपलाय?

१९८८ मध्ये फिनलंडमधून पेक्का सैक्कू आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला. हार्ट अटॅक आलेल्या ४० पुरुषांपैकी साधारण दोन तृतीयांशांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीज वाढलेल्या सापडल्या. निरोगी लोकांत हे प्रमाण कितीतरी कमी होतं. (नाव ऐकून दचकू नका. हा लैंगिक आजाराचा क्लॅमिडिया नव्हे, त्याचा चुलतभाऊ. खोकला, न्यूमोनिया करणारा, आणि बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होऊन जाणारा.) पुढे १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांना हा जंतू थेट धमनीच्या थरात दिसला. फेसाळ पेशींच्या पोटात! तेव्हा मी नवी लेक्चरर होते. आमच्या विभागात चहाच्या वेळी याशिवाय दुसरा विषय नसायचा. १९९७ मध्ये लंडन आणि अर्जेंटिनातल्या दोन छोट्या चाचण्यांत अँटिबायोटिक दिलेल्या हृदयरुग्णांना कमी त्रास झाला असं दिसलं. झालं, आता नोबेल कुणाला द्यायचं एवढंच बाकी होतं.

पण छोट्या चाचणीत चार-दोन माणसं इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो. म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. एका चाचणीत साडेसात हजारांहून जास्त हृदयरुग्ण होते; निम्म्यांना अझिथ्रोमायसिन बारा आठवडे, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी, निकाल २००३ मध्ये आला. फरक नाही. दुसरीत चार हजार लोक, निम्म्यांना तेच औषध दर आठवड्याला, वर्षभर. २००५. फरक नाही. तिसरीत पुन्हा चार हजारांहून जास्त लोक, निम्म्यांना गॅटिफ्लॉक्सासिन, दर महिन्याला दहा दिवस, जवळजवळ दोन वर्षं. फरक नाही. (या गॅटिफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांवर आपल्याकडे २०११ मध्ये बंदीच आली, रक्तातली साखर वरखाली करते म्हणून.) आणि डेन्मार्कमधली चौथी चाचणी, २००६ ची. चार हजारांच्या वर रुग्ण, निम्म्यांना फक्त दोन आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन. त्यात औषध घेतलेल्या गटातच हृदयविकाराने मृत्यू जास्त झाले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला तो यावरूनच: हृदयरुग्णाला क्लॅरिथ्रोमायसिन लिहिण्याआधी दुसरं काही चालतंय का बघा.

भाऊजींना जो 'एक कोर्स' हवाय तो अशा रीतीने वीसएक हजार लोकांत तपासून झालाय. कल्पना वेडगळ नव्हती. चोख मांडली, चोख तपासली, आणि पडली.

प्रश्न असतील तर विचारा. माझा आवाका संपेल तिथे सांगेन.

सह्यकडा

वाचनखूण साठवली. एक शंका. जंतू मारून फरक पडला नाही म्हणजे दाहाची थिअरीही गेली का?

खडूफळा

नाही ना, इथेच लोक घसरतात. दाह हे आगीचं नाव, जंतू ही एक संशयित काडी. काडी ती नव्हती म्हणून आग नव्हती असं होत नाही. धमनीच्या भिंतीत अडकलेला एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, कण स्वतःच पुरेशी काडी आहे. तो तिथे बसून खराब होतो, ऑक्सिडीकरण होतं, शरीराला तो परका वाटतो आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. खातात, फुगतात, मरतात. त्यांच्या मढ्यांवर आणखी पेशी येतात. वरून तंतूंचं एक झाकण तयार होतं. हे झाकण जाड असेल तर माणूस ऐंशीपर्यंत निवांत जगतो. दाह जोरात असेल तर याच पेशींची विकरं झाकण कुरतडून पातळ करतात, एक दिवस ते फाटतं, आतली पेज रक्ताला लागते आणि तिथे गुठळी होते. तो हार्ट अटॅक. म्हणून ४० टक्के ब्लॉकेजवालाही अचानक जातो आणि ८० टक्केवाला जिने चढत राहतो.

निरुपद्रवी

छान लिहिलंय, पण ताई, औषध कंपन्यांच्या चाचण्यांवर किती विश्वास ठेवायचा? माझे आजोबा रोज लोणी-भाकरी खाऊन ९२ वर्षं जगले. शेतात मरेपर्यंत काम. कोलेस्टेरॉल कधी मोजलंच नाही. माझ्या मते सगळा खेळ दाहाचाच, कोलेस्टेरॉल उगाच बदनाम.

माळावरचा

@निरुपद्रवी, माझेही आजोबा लोणी खायचे. ५१ व्या वर्षी गेले. आता दोन आजोबांची सरासरी काढू का? ह.घ्या.

निरुपद्रवी

घेतलं हलकं. पण मुद्दा कायम आहे.

खडूफळा

मुद्दा रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते. 'दाहच सगळं, कोलेस्टेरॉल काही नाही' हे तपासायचं कसं? अशी माणसं शोधायची की ज्यांच्या अंगात दाह भरपूर आहे आणि एलडीएल कमी आहे. सापडली. बोलिव्हियात अमेझॉनच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात. शिकार, मासेमारी, थोडी शेती. पोटात जंत, अंगात सतत कसला ना कसला संसर्ग. त्यांच्यातल्या ४० वर्षांवरच्या ७०५ जणांचे छातीचे सीटी स्कॅन केले, निकाल २०१७ मध्ये आला. त्यासाठी ही माणसं होडीने आणि जीपने शहरात आणली होती. निम्म्यांच्या रक्तात दाहाची खूण असलेलं सीआरपी हे प्रथिन वाढलेलं. तुमच्या थिअरीप्रमाणे धमन्या खडखडीत व्हायला हव्यात. निघालं काय? ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा कणही नाही. तोवर तपासलेल्या कुठल्याही समाजात इतक्या स्वच्छ धमन्या कुणी पाहिल्या नव्हत्या. त्यांचं सरासरी एलडीएल ९० च्या आसपास, दिवसभर पायपीट, विडी-सिगारेट जवळपास नाही.

आता उलटं टोक. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेली काही मुलं असतात, त्यांचं एलडीएल जन्मापासून ५००-६०० असतं. कोपरांवर, टाचेमागच्या स्नायूबंधावर कोलेस्टेरॉलच्या पिवळ्या गाठी येतात. उपचार झाले नाहीत तर यांना शाळेच्या वयात हार्ट अटॅक येतो. ना सिगारेट, ना मधुमेह, ना हिरड्या खराब. अशा एका मुलाची महाधमनी मी पाहिली आहे. वय तेरा. कात्रीचा आवाज साठीच्या माणसासारखा आला होता. त्या दिवशी मी पुढचा तास घेतला नाही.

आणि तुमचे आजोबा शेतात मरेपर्यंत काम करत होते हे तुम्हीच लिहिलंय की.

निरुपद्रवी

त्सिमानेंबद्दल माहीत नव्हतं. वाचतो. तेरा वर्षांच्या मुलाचं वाचून गप्प झालो.

अनू_ठाणे

माझा प्रश्न वेगळा. ऑफिसच्या फुल बॉडी चेकअपमध्ये हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ८.६ आला आणि पुढे लाल अक्षरात 'हाय रिस्क'. वय ३९. एलडीएल १०४. दोन रात्री झोप नाही. तपासणीच्या आदल्या आठवड्यात सर्दी-ताप होता, पण लॅबवाला म्हणाला त्याने काही होत नाही.

खडूफळा

होतं! लॅबवाल्याला माझा नमस्कार सांगा. सीआरपी यकृत तयार करतं, आणि कुठेही दाह झाला की ते वाढतं. सर्दी, दाढदुखी, गळू, संधिवात, परवाची लस, काहीही. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, हे आकडे अंगात दुसरं काही चालू नसतानाचे आहेत. १० च्या वर गेलं तर आधी संसर्गच शोधायचा. बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करा. एकक पण बघा, मिलिग्रॅम दर लिटर आहे की दर डेसिलिटर; दहापटीचा घोळ होतो. आणि रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा, लाल अक्षरांना नको.

अजून एक. सीआरपी हा धूर आहे. ज्यांचं सीआरपी जन्मजात, जनुकामुळे जास्त असतं त्यांना हृदयविकार जास्त होत नाही, असं मोठ्या जनुकीय अभ्यासांत दिसलं. उलट त्याच्या वरच्या पायरीवर इंटरल्यूकिन ६ नावाचा निरोप्या असतो, त्याचा रिसेप्टर (निरोप घेणारी पेशीवरची जागा) जन्मतः मंद असलेल्यांना हृदयविकार थोडा कमी होतो. म्हणजे धूर खाली दाबून उपयोग नाही, विझवायचं ते चुलीत.

अनू_ठाणे

धन्यवाद! आज झोपते.

दंतू

दंतवैद्याशिवाय हा धागा पूर्ण कसा होईल? :) खडूफळा मॅडम, आमच्या हिरड्या विसरलात.

रोज किमान एक पेशंट येतो की "ब्रश करताना रक्त येतं, पण ते नेहमीचंच". हात धुताना बोटांतून रक्त आलं असतं तर नेहमीचंच म्हणाला असतात का? हिरड्यांचा जुना आजार असेल तर दाताभोवती खोल कप्पे तयार होतात. सगळ्या दातांचे मिळून बघितले तर ती तळहाताएवढी उघडी जखम भरते, आणि तिथून चावताना, ब्रश करताना जंतू रक्तात जातात. १९८९ मध्ये पुन्हा फिनलंडमधूनच अभ्यास आला होता की हार्ट अटॅक आलेल्यांचे दात निरोगी लोकांपेक्षा वाईट असतात. धमनीच्या थरात हिरड्यांतल्या जंतूंचा डीएनए सापडतो हेही अनेकदा दिसलंय. २०२५ मध्ये परत फिनलंड, टाम्पेरे विद्यापीठ: तपासलेल्या थरांपैकी सुमारे ४० टक्क्यांत तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा डीएनए, आणि काही ठिकाणी ते जंतू थराच्या गाभ्यात चिकट आवरण करून बसलेले. अशा आवरणाआड बसलेल्या जंतूला अँटिबायोटिक फारसं पोचत नाही. जुन्या चाचण्या फसल्या त्याचं हेही एक कारण असू शकेल का?

खडूफळा

या या, वाटच बघत होते. हो, असू शकेल. क्लॅमिडियाचंही तसंच आहे, पेशीच्या आत झोपी गेलेल्या अवस्थेत त्याला औषध लागू होत नाही. शिवाय त्या चाचण्या साठीच्या, थर पिकलेल्या लोकांवर झाल्या. घर जळून गेल्यावर काडीपेटी लपवण्यासारखं. म्हणून 'जंतूंचा काडीचाही संबंध नाही' असं मी म्हणणार नाही. 'हृदयविकारावर अँटिबायोटिक घेऊन उपयोग नाही' इतकंच ठामपणे म्हणेन. थरात जंतू सापडणं आणि त्याने थर तयार करणं यातही फरक आहे. फेसाळ पेशी म्हणजे शेवटी खादाड पेशी, त्या रक्तातला कचरा गिळून तिथे येऊन बसतात. पडक्या वाड्यात वटवाघळं सापडली म्हणून वाडा वटवाघळांनी पाडला असं नसतं.

हिरड्या साफ केल्याने हार्ट अटॅक टळतो का, यावर तुमचं काय मत?

दंतू

प्रामाणिकपणे? सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये हेच म्हटलं, संबंध दिसतो, पण कारण म्हणता येत नाही. सिगारेट दोन्ही बिघडवते, मधुमेह दोन्ही बिघडवतो. २००७ चा लंडनचा एक अभ्यास मला आवडतो. १२० लोक, निम्म्यांच्या हिरड्यांची खोल सफाई. चोवीस तासांत त्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचीकता उलट बिघडली, कारण खरवडताना जंतू रक्तात गेले. पण सहा महिन्यांनी बघितलं तर ती दुसऱ्या गटापेक्षा चांगली झालेली. लवचीकता सुधारली म्हणजे अटॅक टळला असं नाही, मान्य. तरी सफाई करून घ्या हो. दात टिकतील, तेवढं तर नक्की. "सफाईने दात हलतात" हे ऐकून ऐकून कान किटलेत. टार्टरने, म्हणजे दातांवरच्या कडक किटणाने, धरून ठेवलेला दात आधीच हललेला असतो.

गुळपोळी

बाबांना गाउट आहे, त्यासाठी डॉक्टर अधूनमधून कोल्चिसिन देतात. परवा कुणीतरी म्हणालं हे आता हृदयालाही देतात. खरं का? आणि हळद रोज घेतली तर दाह कमी होतो ना?

खडूफळा

आता गोष्टीचा उत्तरार्ध आलाच. जंतूंवरचा डाव फसल्यावर लोक म्हणाले, काडी कुठली का असेना, थेट आगच विझवून बघू. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅबची चाचणी आली. हार्ट अटॅक येऊन गेलेले, सीआरपी वाढलेले दहा हजार रुग्ण, दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. हे औषध इंटरल्यूकिन १ बीटा हा दाहाचा निरोप्या अडवतं आणि एलडीएलला हातही लावत नाही. तरी हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून १५ टक्के कमी झाले. व्हर्चोनंतर दीडशे वर्षांनी माणसात पुरावा मिळाला! मला तो दिवस आठवतो, निवृत्त झाले होते तरी जुन्या सहकाऱ्याला फोन करून ओरडले होते. पण जीवघेणे संसर्ग वाढले, एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत, किंमत आवाक्याबाहेर, आणि हृदयविकारासाठी परवानगी मिळाली नाही. आग विझवणाऱ्या बंबालाच तुम्ही घरी बसवलंत तर दुसरीकडे आग लागणारच. मग संधिवातावरचं स्वस्त मेथोट्रेक्सेट देऊन पाहिलं, काही फरक नाही.

त्यानंतर कोल्चिसिन. रोज अर्धा मिलिग्रॅम. २०१९ मध्ये अटॅकनंतरच्या रुग्णांत २३ टक्के फायदा, २०२० मध्ये जुन्या हृदयरुग्णांत ३१ टक्के. २०२३ मध्ये अमेरिकेत याच कामासाठी मान्यता. आणि २०२४ मध्ये सात हजार रुग्णांच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही! शास्त्र असंच चालतं, दोन पावलं पुढे, एक बांधावर. काही हृदयरोगतज्ज्ञ निवडक रुग्णांना देतात, स्टॅटिनच्या जोडीला. ऐवजी नाही.

गुळपोळी, तुमच्या बाबांसाठी मात्र हे लक्षात ठेवा. कोल्चिसिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन घेतलं तर कोल्चिसिन अंगात साठतं आणि माणूस दगावू शकतो. किडनी कमजोर असेल तर जास्तच. घसा धरला म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणायचं नाही. काही स्टॅटिनशीही क्लॅरिथ्रोमायसिनचं जमत नाही, स्नायू विरघळतात. भाऊजींचा 'एक कोर्स' म्हणून मला इतका झोंबला.

हळदीने हार्ट अटॅक टळतो असं दाखवणारी मोठी चाचणी नाही. आमटीत घाला, छान लागते.

फोडणी

अवांतर: कोल्चिसिन म्हणजे आपल्या कळलावीत असतं तेच ना? आमच्याकडे रत्नागिरीला श्रावणात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळा पेटल्यासारखी फुलतं. आजी म्हणायची बाळंतिणीच्या कळा आणायला वापरायचे म्हणून हे नाव, पण पोरांना हात लावू द्यायची नाही.

खडूफळा

तेच! आजी शहाणी. कंदात भरपूर असतं आणि विषारी आहे, दरवर्षी कुठेतरी कुणीतरी चुकून खाऊन दगावतं. कृपया इथून वाचून कुणी कंद उकळू नका. औषधाचा आणि विषाचा डोस यात या रेणूचं अंतर फार कमी आहे.

टोरांटोकर

संसर्गाबद्दल एक मुद्दा राहिला असं वाटतं. इथे ओंटॅरियोतलाच अभ्यास आहे, २०१८ चा. प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्यांमध्ये पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट. आमचे बाबा पुण्याहून हिवाळ्यात आले होते, फ्लू झाला, पाचव्या दिवशी अटॅक. वाचले. तेव्हा वाटलं योगायोग.

खडूफळा

योगायोग नसावा. जंतूने थर बांधला का, हा प्रश्न वादाचा आहे. आधीच असलेला थर संसर्गाने फोडला का, याला पुरावा चांगला आहे. ताप, धडधडणारं हृदय, चिकट झालेल्या प्लेटलेट्स, सगळं एकदम येतं. हार्ट अटॅकनंतर लगेच फ्लूची लस देऊन पाहिलेली चाचणी २०२१ मध्ये आली. वर्षभरात मृत्यू, अटॅक वगैरे मिळून २८ टक्के कमी. म्हणजे एवढं अँटिबायोटिक, एवढी महागडी इंजेक्शनं, आणि फायदा दिला तो दंडावरच्या साध्या टोचणीने. आपल्याकडे किती हृदयरुग्णांना ही लस दिली जाते? माझ्या माहितीतल्या एकालाही नाही.

चकोर

बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहिते. माझा आजार या धाग्यात बसतो की नाही माहीत नाही.

२६ व्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत नर्सला माझं डाव्या हाताचं बीपी लागेना. तिने मशीन बदललं. मग पट्टा बदलला. तिसऱ्यांदा जुनं पाऱ्याचं आणलं, कोपरावर स्टेथोस्कोप ठेवून बसली, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच घाबरले. उजव्या हाताला १५०, डाव्याला नाडीच नाही. त्याआधी दोन वर्षं केस विंचरताना डावा हात भरून यायचा, बारीक ताप, वजन कमी. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं होतं, दुसरे म्हणाले लग्न करा. शेवटी निदान झालं टाकायासू आर्टरायटिस. टीबी आहे का म्हणून सगळ्या तपासण्या झाल्या. स्टेरॉइड, मग दुसरी औषधं. आज ३४. डाव्या हाताला अजून नाडी नाही, पण मी आहे.

खडूफळा

चकोर, लिहिलंत हे फार बरं केलंत. बसतो का काय विचारता, तुमचाच आजार म्हणजे धमनीचा निखळ दाह. कोलेस्टेरॉलचा हात नाही, शरीराचं सैन्य थेट महाधमनीच्या भिंतीवर चाल करतं. १९०८ मध्ये टाकायासू या जपानी डोळ्यांच्या डॉक्टरने एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या विचित्र वेटोळ्या नोंदवल्या. मनगटाच्या नाडीशी त्याचा संबंध दुसऱ्या डॉक्टरांनी दाखवला. आपल्याकडे, आशियात, तरुण बायकांत जास्त. क्षयाच्या जंतूमुळे शरीराची ओळखपाळख चुकते का, हा संशय भारतात फार जुना आहे. अजून हाती काही लागलेलं नाही.

ज्या नर्सने तिसऱ्यांदा मशीन आणलं तिला माझा दंडवत. 'मशीन खराब असेल' म्हणून सोडून देणारेच जास्त.

सह्यकडा

भाऊजींचं काय झालं ते सांगा की!

खडूफळा

हा धागा त्यांना पाठवला. दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. काल फोन आला. "वहिनी, गोळी सुरू केली. पण तुम्ही मला सगळ्या जगात बदनाम केलंत." म्हटलं नाव कुठे लिहिलंय? तर म्हणाले, "बडीशेपेवरून आख्खं घर ओळखतं." फ्लूची लस कुठे मिळेल ते विचारलं. फॉरवर्ड ज्यांनी पाठवलं त्यांनाही धागा पाठवलाय म्हणे, तिथून हात जोडलेले इमोजी आले.

अनू_ठाणे

सीआरपी परत केला. १.१! लाल अक्षरं गेली. एक शेवटचं विचारते, चकोरचं वाचून. बीपी दोन्ही हातांचं मोजायचं का?

खडूफळा

हो. निदान एकदा तरी. वरच्या आकड्यात दहा-पंधराहून जास्त फरक आला तर डॉक्टरांना सांगा, आणि पुढे नेहमी जास्त येणाऱ्या हाताचंच मोजा.